झिरपी : काळ्या रानातल्या एका कल्पित प्राण्याचा जीवनक्रम

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी,

अद्भुतकथेसाठी प्राणी रचायचा म्हटलं की आपल्याकडं गाडी हमखास बर्फाच्या डोंगरात नाहीतर काळोख्या अरण्यात जाते. पंख, शिंगं, तोंडातून आग, सगळं असतं. पण तो प्राणी खातो काय, वितो कधी आणि एप्रिलात पाणी कुठून आणतो, हे कुणी सांगत नाही. मला असा प्राणी हवा होता, जो धाराशिव-लातूर-परभणीच्या काळ्या रानातच जगेल आणि कोकणात नेऊन सोडला तर वर्षभरात मरेल.

स्वतःला नियम घातलाय : जादू एकच. बाकी प्रत्येक गोष्टीचा हिशोब माती, पाऊस आणि कातळ यांच्याकडून मिळाला पाहिजे. झिरपीची जादू ही, की तिला पाणी ऐकू येतं. ओढ्याचं नव्हे, ते आपल्यालाही येतं. मुरमातून थेंबाथेंबानं सरकणारं, कातळाच्या सांध्यात मुकाट साचलेलं पाणी तिला पन्नास-साठ हातांवरून ऐकू येतं.

रूप : हातभर लांब, मनगटाएवढी जाड. खवले नाहीत, कातडी ओल्या पाटीसारखी करडी-काळी. चार आखूड पाय, पुढच्या पायांची नखं रुंद आणि बोथट, उकरण्यापेक्षा रेटा द्यायला बरी. शेपूट मात्र जाडजूड, कारण सगळा साठा तिथं. पिल्लांना डोळे असतात. पहिला उन्हाळा जमिनीखाली काढला की डोळ्यांवर कातडी चढते आणि आत दोन ठिपके तेवढे उरतात. तिला मासा म्हणा, बेडकाच्या नात्यातलं म्हणा, मी अजून कुठल्याच खात्यात टाकलेली नाही.

आता वर्ष. रोहिणी निघतात तेव्हा (२५ मेच्या सुमारास) जमीन सगळ्यात तापलेली आणि भेगा सगळ्यात रुंद. चांगल्या भारी रानात भेगेत हात घातला तर खांदा टेकतो, तरी तळ लागत नाही. झिरपी त्याच्याही खाली, मुरमात, स्वतःच्या चिकट स्रावाच्या पिशवीत असते. स्राव वाळून कागदासारखा कडक होतो आणि तोंडाशी श्वासापुरतं एक भोक राहतं.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की पाणी भेगांतून धो धो खाली उतरतं. पिशवी भिजते, फुटते. आता खरी घाई. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भेगांच्या कडा एकमेकींकडं सरकू लागतात. त्या मिटायच्या आत झिरपीला वर यायचंय. उशीर झाला तर मातीच तिला चिरडते. म्हणून वर यायला पहिल्या पावसाची एक रात्र, फार तर दोन.

वर जेवण वाढलेलं असतंच. वाळवीचे पंखवाले किडे त्याच रात्री उडतात, हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात, गोगलगायी निघतात. झिरपी नाल्याकडं सरकत सरकत खात जाते. डबक्यात जुळतात, चिखलात अंडी घालतात. पावसाळाभर मुक्काम नाल्यात, विहिरीत, बारवेत. दिवाळी झाली, रब्बीची ज्वारी गुडघ्याला आली, रानात पुन्हा बारीक भेगा दिसू लागल्या, की आल्या वाटेनं परत खाली. पुढं पाणी जसजसं खोल जाईल तशी ती त्याच्या मागं मागं.

अडलेले प्रश्न : कातळात हातभर प्राण्याला जागा आहे का? सात-आठ महिने उपाशी राहून ती मरत कशी नाही? आणि माणसांचं तिच्याशी काय नातं? जाणकारांनी यावं, अजाणत्यांनी तर यावंच.

उगाच

पहिला! रस्सा की फ्राय?

तेरणाकाठ

होतंय का तुझं सुरू. थांब, ताई लोक येऊ देत.

सूक्ष्मदर्शी

आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळं थोडं लांबेल.

पिशवी आवडली. आफ्रिकेतला फुफ्फुसमासा, प्रोटोप्टेरस, असाच वाळलेल्या चिखलात चिकट पिशवी करून बसतो. प्रयोगशाळेत असे मासे तीन-चार वर्षं तग धरून राहिल्याच्या नोंदी आहेत. पण नुसतं झोपून भागत नाही. झोपेतही शरीर स्वतःला जाळत असतं, आणि प्रथिनं जळली की अमोनिया होतो. पाण्यातला मासा तो कल्ल्यांवाटे सोडून मोकळा. बंद पिशवीत सोडणार कुठं? अमोनिया विष आहे. फुफ्फुसमासा त्याचा युरिया करतो. युरिया अंगात साठवला तरी तितका बाधत नाही, आणि पुन्हा पाणी लागलं की सगळा साठा बाहेर टाकता येतो. तुमच्या झिरपीलाही हेच करावं लागेल, त्यात जादू चालायची नाही.

शिवाय हा मासा उपासात स्वतःचे स्नायू खातो. म्हणजे रोहिणीपर्यंत झिरपीचं ते जाडजूड शेपूट चामडं उरलेलं असणार आणि पायांत त्राण नसणार. तिची सगळ्यात महत्त्वाची धाव नेमकी सगळ्यात अशक्त दिवशी आहे. कथा लिहिणाऱ्यानं हे सोडू नये.

अंड्यांबद्दल. तुम्ही दुष्काळाची काळजी करताय, मला भीती खोट्या पावसाची आहे. मृग बरसला, डबकी भरली, सगळी अंडी फुटली आणि मग वीस-पंचवीस दिवस पावसानं ओढ दिली, तर एक पिढी गेली. खडकावरच्या तात्पुरत्या डबक्यांत ट्रायोप्स आणि फेअरी श्रिम्प नावाचे कवचधारी जीव असतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाणी मिळालं तरी सगळी एका वेळी फुटत नाहीत. काही फुटतात, बाकीची पुढच्या भिजण्याची वाट बघतात. झिरपीच्या अंड्यांना ही सवय द्या.

कोरडवाहू

म्हणजे दुबार पेरणीचं बियाणं बयेनं आधीच काढून ठेवलंय. आम्हाला ते दुकानातून आणावं लागतं, तेही उधारीवर.

परभणी_हॉस्टेल

ताईंच्या मुद्द्याला जोडून. मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती असते, तिचं फुगणं-आकसणं धागाकर्त्यांनी सांगितलंच. त्याचा दुसरा परिणाम राहिला. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली पडते. पावसाळ्यात भेग मिटताना या जादा मातीला जागा पुरत नाही, खालच्या थरांवर दाब येतो आणि ते तिरपे सरकत वर येतात. हळूहळू खालचं वर, वरचं खाली होत राहतं. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात ते यामुळं.

आता अंडी या चक्रात घाला. नाल्याकाठच्या चिखलातली अंडी वाळून मातीबरोबर भेगेत पडली, खाली गेली, गाडली गेली. कित्येक वर्षांनी तीच माती वर आली की अंड्यांना पुन्हा ओल आणि हवा मिळाली. म्हणजे आज डबक्यात वळवळणारं पिल्लू आणि त्याच्या शेजारचं पिल्लू यांच्या आयांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर असू शकतं! एखादी १९७२ च्या दुष्काळाआधीची आणि एखादी परवाची.

सूक्ष्मदर्शी

वा रे पोरा. हे धाग्यात वर घ्या, तेरणाकाठ.

तेरणाकाठ

घेतलं. यावरून तर गोष्टच निघते : वरच्या झिरप्या संपल्या तरी जमीन मधूनच एखादी जुनी परत देते.

उपरा_नांदेडकर

पुण्यात बसून वाचतोय. मजा येतेय, पण कातळाचं कुणीच बोलेना.

केरळात हे सगळं पटलं असतं. तिथला जांभा दगड भोकाभोकांचा. तिथल्या विहिरींतून होराग्लॅनिस नावाचे आंधळे मासे निघतात, बोटापेक्षाही लहान, लालसर. २०१८ च्या पावसानंतर भातशेतात मरळीच्या नात्यातला एक भूजलवासी मासा वर आला आणि २०१९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. म्हणजे जमिनीखालच्या पाण्यात मासे असणं ही थाप नाही. पण आपला बेसाल्ट घट्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. त्यात हातभर बाई फिरणार कशी?

मोटारवाला

नांदेडकर, कातळ घट्ट असतोय, पण सगळा नाही. मी बोअरच्या मोटारी काढायचं काम करतो, निलंग्याकडं. गाडी बोअर मारायली की भुकटीचा रंग बघत उभं राहायचं. वर काळी, मग पिवळसर मुरूम. मग दगड लागतो, निळसर काळा, पांढरी भुकटी उडते, पाण्याचा पत्ता नाही. मग मधीच लाल गेरूवानी माती निघते. तिथं एक थर संपला, दुसरा लागला. पाणी लागलं तर असल्याच सांध्यावर नाहीतर पोकळ दगडात लागतंय. त्याला विहिरीवाले मांजऱ्या म्हणत्यात. दगडाला भोकं, भोकांत पांढरे खडे. मोठी विहीर खोदताना सांध्यात कपारी दिसतेत, हात जातोय आत.

तवा झिरपीला कातळभर फिरवू नका. तिला मुरूम आन सांधा एवढंच द्या.

आन एक शीन सांगतो, पायजे तर घ्या. मोटार बंद पडली म्हणून मालकानं बोलवलं. घोडा लावला, एकेक पाईप वर घेतला, क्लॅम्प मारला, खोलला. शेवटी मोटार वर आली तर खालच्या जाळीला काहीतरी चिकटलेलं. कागदावानी पापुद्रा, आतून बुळबुळीत. वास असा की डोळ्यात पाणी. मालक म्हणतो शेवाळ हाय. मी म्हणतो ५०० फुटावर ऊन कुठलं, शेवाळ कुठलं?

सूक्ष्मदर्शी

मोटारवाला दादा, वासाचं तुम्ही न सांगता बरोबर आणलंत. युरिया कुजला की अमोनियाच होतो.

उपरा_नांदेडकर

कातळाचा आक्षेप मागे. सांध्यापुरती चालेल. पण मग ती ५०० फुटांवर गेलीच कशी? मुरमातून तिथवर वाट नाही.

मोटारवाला

बोअरनंच वाट करून दिली ना. भोक वरपासून खालपर्यंत एकच. केसिंग पाईप मुरमापुरता, खाली उघडाच. वरच्या सांध्यातलं पाणी बोअरच्या भोकातून खाली गळतंय, ती त्याच्या आवाजामागं गेली आन परत येता येईना.

तेरणाकाठ

हे फार भारी झालं. तिची जादूच तिला मारते. आणि आवाजाचं म्हणाल तर दुसरा घोर : मोटार चालू झाली की तिला दुसरं काहीच ऐकू येणार नाही. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं येते. झिरपीचं हिंडणं त्या पाळीला बांधलेलं राहील. लाईट गेली की शिवारभर शांत, तेव्हाच ती हलणार. जुन्या झिरप्या रात्री फिरायच्या, आताच्या भारनियमनाच्या वेळापत्रकावर फिरतात.

उगाच

महावितरणवर अवलंबून असलेली जगातली पहिली अद्भुत प्रजाती. ही कोकणात नाही, कुठंच जगणार नाही.

कोरडवाहू

आता शेतकऱ्याचं ऐका. तुम्ही शहरातले लोक लगेच शेतकऱ्याला खलनायक करता, म्हणून आधीच सांगतो.

झिरपी आम्हाला आवडणारच. हुमणीची अळी उसाची, सोयाबीनची मुळं खाते. वरून हिरवंगार दिसणारं झाड दोन दिवसांत सुकतं, उपटलं तर अलगद हातात. अळी जमिनीत गेल्यावर औषधानं फार हाती लागत नाही. भुंगेरा अंडी घालायच्या आत पकडला तर खरं. झिरपी नेमकी त्याच रात्री त्यालाच खाते म्हणताय, तर तिला ओवाळू. २०२२ ला लातूर, बीड, धाराशिवमध्ये शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. रात्री बॅटरी घेऊन, बादलीत मीठ घेऊन गोगलगायी वेचलेल्या लोकांना विचारा झिरपी हवी का.

पण भांडण कुठं लागेल तेही सांगतो. रब्बीच्या ज्वारीत आम्ही भेगा मुद्दाम बुजवतो. एक कोळपणी, अर्धं पाणी, असं म्हणतात ते उगाच नाही. ज्वारी पेरली की पुढं पाऊस नसतो, जमिनीत जी ओल आहे तिच्यावरच पीक यायचं. भेग पडली की ओल उडून जाते. म्हणून उशिराच्या कोळपणीला दातेरी कोळपं घालतो, भुसभुशीत माती भेगांत पडते, झाकण बसतं. आणि तुमची झिरपी नेमकी त्याच दिवसांत खाली जायला भेग शोधणार! मालदांडी ज्वारीच्या रानात माणूस आणि झिरपी एकाच भेगेसाठी भांडणार, माणसाला ती बंद हवी, झिरपीला उघडी. यात दोघांचंही चुकत नाही.

तेरणाकाठ

काका, कोळपं माझ्या डोक्यातच नव्हतं. मग असं करू : जुने लोक रानाच्या कडेला, बांधालगत एक तास (पेरणीची ओळ) न कोळपता सोडतात. त्याला 'झिरपीचं तास' म्हणायचं. येळवशीला (वेळअमावस्येला) रानात कडब्याची कोप करून पूजा होते, आंबील शिंपडतात, तेव्हा चार थेंब त्या तासालाही.

कोरडवाहू

चालेल. पण सगळे सोडतात असं नको लिहू. माझा शेजारी बांधसुद्धा कोरतो.

बारवप्रेमी

बारवेचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. मी जालन्याचा.

पावसाळाभर झिरपी विहिरीत राहते असं सरसकट लिहिलंय, ते नको. आताच्या विहिरीला सिमेंटच्या कड्या, काठ उभा. आत पडलेला साप बाहेर येत नाही, ही काय येणार? बारवेची गोष्ट वेगळी. पायऱ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या, मध्ये टप्पे, भिंतीत देवकोष्ठं. पाणी कितीही वर-खाली झालं तरी काठाशी एक पायरी असतेच. दगड चुन्याशिवाय रचलेले असतील तर त्यांच्या फटींतून झिरपा आत येतो, म्हणजे झिरपीला मागच्या दारानं ये-जा. चारठाण्याची बारव बघा, सेलू तालुक्यातल्या वालूरची बघा. वालूरला तर पायऱ्या चक्राकार फिरत खाली जातात. मी झिरपी असतो तर वालूरलाच घर केलं असतं.

गेल्या काही वर्षांत परभणीकडं लोकांनी श्रमदानातून बारवा मोकळ्या केल्यात. त्याआधी कित्येक कचऱ्यानं भरलेल्या. तुमच्या नकाशावर झिरपीच्या वस्त्या ठिपक्याठिपक्यांनी दाखवा, जिथं बारव जिवंत तिथं ठिपका.

सूक्ष्मदर्शी

याचा एक परिणाम होईल. ठिपके सुटे पडले की प्रत्येक बारवेची झिरपी आपापल्या वाटेनं बदलत जाईल. मांजरा खोऱ्यातली आखूड पायांची, दुधनेकाठची लांब शेपटीची, असं. बारवेतला अंधार कमी, तिथल्या मोठ्या झिरपीला डोळे अर्धवट राहिले तरी चालतील.

गोष्टीवेल्हाळ

सूचना : झिरपीला जमिनीतलं सगळं ऐकू येतं ना, मग किल्लारीच्या भूकंपाआधी त्या शेकड्यांनी वर आल्या, गावातल्या एका म्हातारीनं ओळखलं, पण कुणी तिचं ऐकलं नाही, असा प्रसंग घ्या. अंगावर काटा येईल.

औसेकरीण

एरवी नुसती वाचते, आज लिहिते. किल्लारी यात आणू नका.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, निजल्या जागी गेले. आमच्याकडं घराघरात 'अमकं कळलं असतं तर' आहे. कुणाची गाय ओरडत होती, कुणाचं कुत्रं रडत होतं, कुणी त्या रात्री नेमकं रानात झोपलं म्हणून वाचलं. तुम्ही लिहिणार की एका प्राण्याला आधी कळलं होतं आणि लोकांनी ऐकलं नाही. मग दोष कुणावर गेला? जे गेले त्यांच्यावरच ना?

आणि तुमच्याच नियमानं बोलायचं तर सप्टेंबरात भेगा मिटलेल्या असतात. खालून वर यायला वाट नाही.

तेरणाकाठ

ताई, शब्द खाली पडू देत नाही. किल्लारी या जगात येणार नाही. झिरपीला फक्त पाणी ऐकू येतं, जमिनीचं पोट नाही. नियमातच लिहितो.

गोष्टीवेल्हाळ

ताई, तसा हेतू नव्हता. सूचना मागे घेतो.

दुसरं सुचवू का? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. पिवळा पडलेला उर्दू कागद, शिक्का, त्यावर झिरपीचं चित्र, अशी एक बनावट नोंद तयार करून धाग्याला लावू. खरी वाटेल.

तेरणाकाठ

खरी वाटेल म्हणूनच नको. तिसऱ्या दिवशी गावोगावच्या ग्रुपवर 'निजामकालीन दुर्मिळ प्राणी, दिसल्यास लगेच कळवा' म्हणून फिरेल. मग कुणीतरी ते तेल काढून विकतील आणि कुणीतरी गुप्तधनाच्या नादानं बारवा उकरतील. मांडुळाचं काय झालं ते बघितलंय ना? निरुपद्रवी साप, पण दोन तोंडांचा आणि पैशाचा म्हणून चोरटा धंदा उभा राहिला. चित्र काढा, पण ते चित्र आहे हे आंधळ्यालाही कळलं पाहिजे.

मोटारवाला

धंद्यावरून आठवलं. पाणाड्या पायजेच यात. हातावर नारळ उभा राहतो का, बेचक्याची काडी फिरती का, बोअर मारायच्या आधी लोक त्यालाच बोलावतेत. तुमच्या गोष्टीतला पाणाड्या ओल्या पोत्यात झिरपी घेऊन फिरला तर? रानात सोडायची, ती ज्या अंगाला तोंड करंल तिथं खुटी.

तेरणाकाठ

हे तर नायकाचं कामच मिळालं. फक्त जादूला भाव लावू. पाणी आहे हे तिला कळतं, किती आहे ते कळत नाही. माठभर साचलेलं आणि विहीरभर साचलेलं तिला सारखंच. पाणाड्या खुंटी मारून पैसे घेऊन जातो, बोअरला दोन तास पाणी लागतं, मग फुफाटा. लोक त्याला लबाड म्हणतात. तो लबाड नाही आणि झिरपीही खोटी नाही.

उपरा_नांदेडकर

आणि जिथं खुंटी बरोबर लागली तिथलं पाणी बोअर ओढून घेणार, म्हणजे तिथल्या झिरप्या मेल्याच. पाणाड्याला हे कळायला किती वर्षं लागतात, तीच कादंबरी.

परभणी_हॉस्टेल

सलग दुष्काळाचं गणित बसवून टाकू. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं पावसानं मारली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला दिलं. मांजरा धरण कोरडं, म्हणजे विहिरी-बारवांचं विचारूच नका. झिरपीची पिशवी फुफ्फुसमाशाइतकी टिकते धरली तर दोन वर्षं निघतील, पण ज्या आधीच रोडावलेल्या होत्या त्या मरतील. पुढं २०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी जोरदार पाऊस झाला, धरण भरलं. त्या वर्षी वर आलेल्या बहुतेक झिरप्या नव्या, जुन्या अंड्यांतल्या. आया नव्हत्याच. त्यामुळं कुठल्या नाल्यात जायचं, कुठली बारव चांगली, हे शिकवायला कुणी नाही.

सूक्ष्मदर्शी

शिकवत असतील असं आपण कुठं ठरवलं? पण ठरवू या. मोठी झिरपी नाल्याकडं जाताना चिकट माग सोडते, पिल्लं परतताना त्या मागावर चालतात. मग माग नसलेलं वर्ष म्हणजे सैरभैर झालेली पिढी. घोरपडी, मुंगूस, कोल्हे, बगळे त्या वर्षी जाडजूड.

उगाच

सगळं जेवून झालं, माझा प्रश्न तसाच. रस्सा की फ्राय?

सूक्ष्मदर्शी

खा बाबा. पहिल्या पावसात वर आलेल्या झिरपीच्या अंगात आठ महिन्यांचा युरिया. शिजवलीस की सगळ्या गल्लीला कळेल. पाण्यात महिनाभर राहून धुतली गेली की चव बरी लागेल कदाचित, पण तोवर ती बारवेच्या तळाशी, तुझ्या हाती लागणार नाही.

कोरडवाहू

आणि पाणी लागलं की तो युरिया ती सोडू लागते म्हणता ना? मग थोडा भेगेच्या तोंडाशीच पडणार आणि तिथल्या ताटाला हिरवा गडद रंग येणार. रानात चार-सहा ताटं उगाच काळीभोर दिसली की म्हातारे म्हणणार, हिथनं निघाली बरं का. गोणी वाचली नाही तरी खूण पटली.

रेघोट्या

आठवडाभर हा धागा वाचतेय. पेन्सिलनं दोन-तीन कच्ची चित्रं केलीत. शेपटीचं जमलंय : मार्गशीर्षातली भरलेली, रोहिणीतली सुकलेली, दोन्ही शेजारी-शेजारी दाखवलीत. पिशवीही जमली, तोंडाशी भोक आणि भोकाभोवती मातीचे कण. अडलंय तोंडापाशी. डोळे नाहीत, मग ती पाणी 'ऐकते' कशानं? मिशा दाखवू का? कान दाखवले तर उंदीर वाटायला लागते.

तेरणाकाठ

कान नको. मिशा चार, खालच्या जबड्याला.

सूक्ष्मदर्शी

मिशा चव आणि स्पर्शासाठी. ऐकणं जबड्याच्या हाडानं होऊ दे, सापांना जमिनीची थरथर तशीच कळते. थांबून ऐकताना ती हनुवटी कातळाला टेकवते, असं काढ. मिशा वर उचललेल्या, मध्ये येऊ नयेत म्हणून.

मोटारवाला

आन मिशा सहा करा ताई. अरुंद सांध्यात दोनतरी तुटणारच.